वाढत्या वयाची पुस्तके कशी वाचावीत: सोलापुरातील वाचक-गटांसाठी

बालपण संपण्याची गोष्ट सांगणारी पुस्तके मराठीत पुष्कळ आहेत, आणि ती बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी डोळे पुसत वाचली जातात. कथेत कोणी दगावले, प्रेम फसले किंवा भर वर्गात अपमान झाला, की वाचक समासात खूण करतो आणि 'इथे त्याचे बालपण संपले' अशी मनाशी नोंद करून पुढे जातो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे खपूनही जाते. परंतु त्या खुणेपाशी थांबून पुढची दहा-वीस पाने बारकाईने पाहिली, तर मूल त्या प्रसंगानंतरही बराच काळ मूलच राहिलेले दिसते. ते मोठे होते ते एखाद्या लहानशा, सहज नजरेतून निसटणाऱ्या जागी, जिथे त्याला घरातला कसला तरी हिशेब उमगतो आणि तो उमगल्याचे ते कोणालाही कळू देत नाही. उमगणे आणि लपवणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की निरागसपणा संपतो, असे माझे मत आहे. ती जागा पुस्तकात कशी शोधावी आणि तिच्यावर गटात कसे बोलावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

सोलापुरात असा गट चालवणाऱ्याला एक सोय आपोआप मिळते, ती म्हणजे हिशेब लवकर कळलेली माणसे इथे जवळपास प्रत्येक गल्लीत भेटतात. पूर्व भागात ज्या घरात आई विड्या वळते, त्या घरातल्या मुलीला हजार विड्यांची मजुरी किती आणि नाकारलेल्या विड्यांचा फटका किती, हे पाढे पाठ होण्याच्या आधी माहीत असते. ज्या घरचा कर्ता माणूस जुन्या गिरणीत, लक्ष्मी-विष्णूत किंवा नरसिंग गिरजीत कामाला होता, त्या घरातल्या मुलांनी गिरणी बंद पडल्यानंतर किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यांसमोर फुगताना पाहिलेली असते. अशा वाचकांना वाढत्या वयाच्या कादंबरीतला हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तो पुस्तकात कुठे दडला आहे एवढेच दाखवावे लागते.

पुस्तकांची निवड

गटासाठी एकच पुस्तक घेऊ नये. दोन घ्यावीत, आणि त्या दोन पुस्तकांतल्या मुलांची परिस्थिती एकमेकांपासून शक्य तितकी दूर असावी, कारण एकटे पुस्तक वाचले की त्यातले बालपण हेच सगळ्यांचे बालपण वाटू लागते.

सुरुवात मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (2004) या कादंबरीने करणे सोपे जाते. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकर या वर्गातल्या मुलीवर जडलेला जीव आणि मागे कुठेतरी चालू असलेली आणीबाणी, असा तिचा ऐवज आहे. भाषा बोलकी असल्यामुळे ज्यांनी पाठ्यपुस्तकांबाहेर फारसे काही वाचलेले नाही तेही ती नेटाने संपवतात. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (1963) मात्र पहिल्या बैठकीला ठेवू नये. विशीच्या आतल्या वाचकांना पांडुरंग सांगवीकराची थट्टा तेवढी दिसते, त्यांना ती अतिशय आवडते, आणि मग गटातली निम्मी मुले पुढचे दोन महिने त्याच्यासारखी बोलत राहतात. ती तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाला आली की तिचा खरा भार पेलता येतो.

जुन्या पुस्तकांना घाबरण्याचे कारण नाही. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातली यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते, आणि तिची वाक्ये आजही अडखळल्याविना वाचता येतात. विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा 1891 चा, म्हणजे कादंबरीचे हप्ते येत असतानाच झालेला आहे, एवढे गटाला आधी सांगून ठेवले की पुरते. त्यापेक्षा जास्त प्रस्तावना केली तर लोक यमूला विसरून सुधारणांच्या इतिहासावर बोलू लागतात.

सांगणारा कोण आणि किती वयाचा

पुस्तक हाती आल्यावर पहिले काम हे, की गोष्ट कोण सांगतो आणि सांगताना त्याचे वय काय आहे, ते ठरवावे. ज्याच्याबद्दल सांगितले जाते तो मुलगा आणि जो सांगतो तो माणूस हे नावाने एक असले तरी वयाने दोन असतात, आणि त्या दोघांच्या मधल्या अंतरातच पुस्तकाचा सगळा खेळ चालतो.

'श्यामची आई' घ्यावी. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि 1935 साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे लहान श्यामच्या प्रत्येक हट्टाशेजारी मोठ्या श्यामचा पश्चात्ताप बसलेला असतो, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल याची सांगणाऱ्याला जाणीव असते. याच्या उलट टोकाला प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. 'वनवास' (1994) पासूनच्या कथांमध्ये आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आपल्या वयाच्या भाषेत बोलतो. कोणी मोठा माणूस मधे येऊन अर्थ सांगत नाही, त्यामुळे लंपनला न कळलेले वाचकाला कळते आणि त्याचे ओझे वाचकाला एकट्याने वाहावे लागते. तिसरी तऱ्हा दया पवारांच्या 'बलुतं' (1978) मध्ये दिसते. तिथे शिकून शहरात नोकरीला लागलेला माणूस आणि गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात आणि दगडूची हकीकत उलगडत जाते. मोठेपणी माणूस आपल्या लहानपणाला ओळख देईल की नाही, हा प्रश्न त्या मांडणीतच घातलेला आहे.

यासाठी गटात करण्याजोगा एक सराव आहे, आणि तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. पुस्तकातले कोणतेही एक पान निवडून त्याची छायाप्रत सगळ्यांना द्यावी आणि दोन रंगांच्या पेन्सिली द्याव्यात. जे वाक्य त्या वयाचे मूल स्वतः बोलू शकले असते त्याखाली एका रंगाची रेघ, आणि जे केवळ मोठेपणीच सुचू शकते त्याखाली दुसऱ्या रंगाची. एकेका वाक्यावरून वाद होतात, ते होऊ द्यावेत. 'श्यामची आई'च्या पानावर दुसरा रंग जास्त उमटतो, लंपनच्या पानावर जवळजवळ उमटतच नाही. ज्या वाक्यावर गट फुटतो आणि कोणता रंग द्यावा ते ठरत नाही, त्या वाक्याला गोल करावा. पुढे लिहायला बसल्यावर हीच वाक्ये कामी येतात.

हिशेबाची पाने

पुस्तकाचे दुसरे वाचन वही घेऊन करावे आणि त्या वाचनात भावनेचा माग न काढता फक्त पैसा, भाकरी, फी, कपडे, कर्ज, भाडे यांचे उल्लेख टिपावेत. कोणी काय विकत घेतले, कोणाचे पैसे होते, कोणी उधार आणले, कोण उपाशी राहिले. सुरुवातीला हे रूक्ष वाटते. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत वहीत एक वेगळीच कादंबरी जमा झालेली असते, आणि ती मुखपृष्ठामागच्या मजकुरातल्या कादंबरीशी फारशी जुळत नाही.

'श्यामची आई' या बाबतीत आदर्श उदाहरण आहे, कारण तिच्यावर संस्कारांच्या पुस्तकाचा शिक्का इतका घट्ट बसलेला आहे की तिच्यातले कर्ज कोणाला दिसतच नाही. (शाळाशाळांतून होणाऱ्या कथाकथन स्पर्धांमध्ये मुले पोहायला जाण्याचा आणि पायांना घाण लागू न देण्याचा प्रसंग हमखास सांगतात, सावकाराचा प्रसंग कोणी सांगितलेला मी ऐकलेला नाही.) वस्तुतः त्या कुटुंबाची उतरंड पानोपान चालू असते. सावकाराचा तगादा येतो, त्याचा माणूस दारात बसून बोलू नये ते बोलतो, जप्तीची दवंडी गावात फिरते. आई ज्या गोष्टी शिकवते त्यांच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, तर त्यांचा अर्थ बदलतो: हातातले सगळे जात असताना जे जप्त होऊ शकत नाही तेवढे ती मुलाकडे सोपवत आहे असे दिसू लागते. श्यामला हे त्या वयात किती कळले होते आणि मोठ्या श्यामने त्यात नंतर किती भरले, हा प्रश्न वरच्या दोन रंगांच्या सरावाशी जोडून विचारावा. गटात याच्यावर एक पूर्ण बैठक खर्च करायला हरकत नाही.

इंग्रजीत हेच सूत्र चार्ल्स डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (1860-61) मध्ये उघडपणे वापरले आहे. लोहाराच्या घरात वाढलेला पिप अज्ञात दात्याच्या पैशावर सभ्य गृहस्थ होतो, तो पैसा एका श्रीमंत बाईचा आहे असे धरून चालतो, आणि लहानपणी ज्याला त्याने भाकरतुकडा नेऊन दिला होता त्या फरारी कैद्याच्या कमाईवर आपण जगत होतो हे त्याला फार उशिरा समजते. पैसा कोणाचा हे कळताच त्याला स्वतःचे आतापर्यंतचे वागणे आठवून लाज वाटू लागते. एखाद्या सदस्याने ही कादंबरी वाचली असेल तर त्याला तिचे कथानक सांगायला सांगावे. सगळ्यांनी ती वाचण्याची गरज नाही.

आनंद यादवांच्या 'झोंबी' (1987) मध्ये हिशेब आणखी सरळ आहे. शाळेत जाणारा मुलगा म्हणजे शेतातले दोन हात कमी, असे बापाचे गणित आहे, आणि मुलाचे शिक्षण म्हणजे त्या गणिताविरुद्ध रोज केलेली झटापट आहे. इथे बापाला खलनायक ठरवून मोकळे होण्याचा मोह आवरावा. त्याचे गणित आपल्याला मान्य नसले तरी ते चुकीचे होते का, हे वहीतल्या नोंदी पाहून गटाने ठरवावे.

मूल केव्हा लपवू लागते

हिशेबाची पाने सापडली की त्यांच्या पुढची पाने परत वाचावीत. आपल्याला काहीतरी कळले आहे हे मूल लगेच बोलून दाखवते की गिळून टाकते? बोलून दाखवत असेल तर ते अजून लहान आहे. गिळत असेल, तर ते कोणाला वाचवण्यासाठी गिळते, स्वतःला, आईला, की मेलेल्या कोणाला तरी?

या शेवटच्या शक्यतेचे माझ्या माहितीतले सर्वांत नेमके उदाहरण बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' (1929) या बंगाली कादंबरीत आहे. दुर्गेवर शेजारच्या घरातून वस्तू चोरल्याचा आळ येतो, त्यासाठी तिला मार बसतो, आणि पुढे ती तापाने जाते. तिच्या मृत्यूवर वाचक रडतो आणि तिथेच खूण करतो. परंतु तिचा धाकटा भाऊ अपू याचे बालपण संपते ते नंतर, गाव सोडण्याच्या आवराआवरीत ती चोरलेली वस्तू त्याच्या हाती लागते तेव्हा. तो ती आईला दाखवत नाही, कोणालाच दाखवत नाही; पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी फेकून देतो. बहीण निर्दोष होती या समजुतीसह इतरांनी जगावे म्हणून सत्य स्वतःजवळ ठेवणे, हे मोठ्या माणसाचे काम त्याने केलेले असते. सत्यजित राय यांच्या 1955 च्या चित्रपटातही हा प्रसंग आहे, त्यामुळे ज्यांना अनुवाद मिळाला नाही त्यांनी चित्रपट पाहिला तरी चर्चेत भाग घेता येतो.

कधीकधी लपवणे एखाद्या कृतीत नसते, सांगण्याच्या सुरात असते. 'कोसला' त्यासाठी वाचावी. पांडुरंग जवळजवळ प्रत्येक गोष्टीवरून 'वगैरे' म्हणत हात झटकतो, वसतिगृह, प्राध्यापक, वडील, स्वतःची परीक्षा, सगळे थट्टेवारी नेतो. मग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, देवीच्या आजारातल्या मृत्यूचे प्रकरण येते आणि तो सूर तिथे टिकत नाही. या प्रकरणाच्या आधीचे एक पान, त्यातले एक आणि त्यानंतरचे एक अशी तीन पाने लागोपाठ मोठ्याने वाचून घ्यावीत. थट्टा परत येते, हे लक्षात येते. ती आता कशावर पांघरूण घालण्यासाठी आली आहे हेही लक्षात येते. तिथे गट चालवणाऱ्याने काही बोलू नये.

'शाळा'मध्ये लपवण्याचे दोन थर आहेत. मुकुंद आपले प्रेम घरापासून लपवतो, ते उघडच आहे. पण त्याच वेळी त्याच्याभोवतालची मोठी माणसेही काही गोष्टी दबक्या आवाजात बोलत आहेत, कारण ते आणीबाणीचे वर्ष आहे. मुलांची कुजबुज आणि मोठ्यांची कुजबुज यांचे उल्लेख दोन वेगळ्या रकान्यांत लिहून काढले, की कादंबरीला राजकीय का म्हणावे याचे उत्तर वाचकांना स्वतःच सापडते.

ज्यांना ते मिळालेच नाही

इथपर्यंतच्या सगळ्या कृती एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे मुलाजवळ आधी निरागसपणा होता. हे गृहीत नेहमी खरे नसते, आणि सोलापूर जिल्ह्यातले पुस्तकच ते मोडून काढते. शरणकुमार लिंबाळे यांचा जन्म अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा. त्यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन 1984 साली आले. एका पाटलाचा दलित स्त्रीच्या पोटी झालेला, लग्नाबाहेरचा हा मुलगा. शाळेत नाव घालण्याच्या वेळी बापाच्या नावाच्या जागी काय लिहायचे, हाच त्याच्यापुढचा पहिला हिशेब आहे. भूक तर पहिल्या पानांपासून आहे. ज्या मुलाला स्वतःच्या जन्माचा अर्थ गाव रोज ऐकवत असते, त्याच्याबाबत 'निरागसपणा केव्हा संपला' हा प्रश्नच बसत नाही. तिथे प्रश्न उलटा विचारावा: इतक्या सगळ्यातही या मुलाजवळ मुलासारखे काय उरले होते आणि ते कोणामुळे उरले? आजी संतामाय आणि त्यांच्याबरोबर राहणारे मुसलमान आजोबा या दोन माणसांवर वाचक आपोआप येऊन थांबतो. रक्ताचे नसलेले नाते या मुलाला सर्वांत जास्त देते, ही नोंद वहीत झालीच पाहिजे.

याच्या जोडीला विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांची 'बळी' (1950) वाचावी. 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड वसाहतींमध्ये ठेवून हजेरी घेतली जाई. अशी एक वसाहत सोलापुरात होती, मालतीबाईंनी तिथे नोकरी केली आणि त्या अनुभवातून ही कादंबरी उतरली. तो कायदा 1952 साली रद्द झाला. शहरात आजही 'सेटलमेंट' हे नाव पत्त्यात लिहिले जाते आणि रिक्षावाल्याला सांगितले जाते, पण ते नाव कशामुळे पडले हे तरुण वाचकांना बहुधा माहीत नसते. कुंपणात जन्मलेल्या मुलाला आपण गुन्हेगार आहोत हे कोणत्या वयात कळत असेल, एवढा एक प्रश्न घेऊन ही कादंबरी वाचली तरी पुष्कळ झाले. लेखिका बाहेरून आलेली, शिकलेली आणि नोकरीच्या नात्याने कुंपणाआत गेलेली आहे, लिंबाळे मात्र आतून लिहितात. या दोन दृष्टींतला फरक गटाने सौजन्य बाजूला ठेवून तपासावा.

आपट्यांची यमूही याच रांगेत येते. लग्न, सासर, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन हे सगळे तिच्यावर अशा वयात कोसळते, की तिला मोठे होण्यासाठी वेळच दिला जात नाही.

शेवट वाचताना

युरोपात या प्रकारच्या कादंबरीचा नमुना म्हणून जर्मन लेखक गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर' (1795-96) चे नाव घेतले जाते. तिथे भटकून, चुकून, शिकून तरुण अखेर समाजात आपली जागा घेतो. मराठीतल्या बऱ्याच पुस्तकांत असा समेट होत नाही. पांडुरंग नापास होऊन गावी परततो आणि तिथेही त्याचे बस्तान बसत नाही. म्हणून शेवटच्या प्रकरणावर बोलताना 'नायक काय शिकला' हे विचारू नये. त्याला राहायला जागा मिळाली का, आणि मिळाली असल्यास तिचे भाडे कशाने फेडले, हे विचारावे.

पुस्तक नसले तरी करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा चित्रपट या बैठकीत दाखवावा. त्यातल्या जब्या या मुलाला, त्याची आवडती मुलगी आणि सगळी शाळा बघत असताना, डुकरे धरावी लागतात, आणि त्याला ज्या गोष्टी लपवायच्या होत्या त्या सगळ्या उघड्यावर येतात. लपवण्याची मुभाच नसलेल्या मुलाचे मोठेपण कसे असते हे त्यातून दिसते, आणि तो शेवटी भिरकावतो तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

बैठकींची व्यवस्था

आठ ते बारा माणसे पुरेत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात प्रतींची आधी चौकशी करावी, कारण यांतली काही पुस्तके दुकानांत सहज हाती लागत नाहीत. सुरुवात जूनमध्ये करावी किंवा दिवाळीनंतर लगेच. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे संध्याकाळी कोणी बैठकीला येत नाही, आणि त्यानंतर दहावी-बारावीच्या परीक्षांची घाई असते.

गटात वेगवेगळ्या वयाची माणसे असावीत. फक्त विद्यार्थी असले तर ते परीक्षेचे बोलतात, फक्त निवृत्त असले तर 'आमच्या वेळी' सुरू होते. घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारे सदस्य असतील तर फार चांगले. बोलीतली पाने ज्याच्या तोंडात ती बोली बसते त्याला मोठ्याने वाचायला द्यावीत. 'अक्करमाशी'तले संवाद अक्कलकोटकडच्या माणसाने वाचले की त्यांतला राग आणि विनोद दोन्ही कळतात, तेच पुस्तकी उच्चारांत वाचले तर नुसती करुणा उरते.

एक नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि तो कडक पाळावा: 'तुमच्या बाबतीत असे घडले आहे का?' असे कोणी कोणाला विचारायचे नाही. बोलायचे ते पुस्तकातल्या मुलाबद्दल. स्वतःहून कोणी बोलू लागला तर ऐकावे, पण त्याच्या अनुभवाचे विश्लेषण करू नये. शाळकरी मुले गटात असतील आणि एखाद्याच्या बोलण्यातून मारहाण, अत्याचार किंवा कामाला जुंपल्याचे सूचित झाले, तर तो विषय चर्चेत न ठेवता त्या मुलाशी वेगळे बोलावे आणि 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर मदत मागावी.

लिहिताना

चर्चेनंतर प्रत्येकाने दोन-तीन पानांचा लेख लिहावा. लेखाची सुरुवात लेखकाच्या जन्मसालाने करू नये आणि कथानकाच्या सारांशानेही करू नये. वहीतली एक नोंद घ्यावी, शक्यतो रकमेची किंवा वस्तूची, आणि तिथून मुलाच्या मनापर्यंत जावे. गोल केलेले एखादे वाक्य घेऊन ते मुलाचे की मोठ्याचे, याची दोन्ही बाजूंनी छाननी करावी. कोवळे, निष्पाप, हळवे असली विशेषणे पहिल्या खर्ड्यात आली तर येऊ द्यावीत आणि दुसऱ्यात काढून टाकावीत; ती काढल्यावर परिच्छेद पडला, तर त्या परिच्छेदात मुळात काहीच नव्हते असे समजावे. समाजाला उपदेश करणारा शेवटचा परिच्छेद बहुतेक सगळे लिहितात. तोही काढावा.

ज्यांना स्वतःची गोष्ट लिहायची आहे त्यांनी आधी वय ठरवावे आणि त्या वयाच्या उंचीवरून दिसेल तेवढेच लिहावे. गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला, वडील दिवसा घरी दिसू लागले, आईने पानांचा गठ्ठा वाढवून आणला, एवढे मुलाला दिसते; गिरणी का बंद पडली हे त्याला माहीत नसते, म्हणून त्या ठिकाणी कामगार चळवळीचा इतिहास घालू नये. तो ठाऊक असलेला वाचक ती जागा स्वतः भरतो.

वेळ अगदीच कमी असेल आणि दोनच पुस्तके घेता येत असतील, तर 'श्यामची आई' आणि 'अक्करमाशी' ही जोडी घ्यावी, आणि ती याच क्रमाने. दोन्हींत आई आहे, गरिबी आहे, शाळा आहे, आणि दोन्ही पुस्तके मोठ्या झालेल्या मुलाने मागे वळून लिहिलेली आहेत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून गटाला एकच काम द्यावे: श्यामच्या घरावर जप्ती येते तेव्हा त्याचे काय काय जाऊ शकते याची यादी करावी, आणि मग त्या यादीतले काय हन्नूरच्या मुलाकडे कधी होते ते एकेक करून तपासावे.